कॅसलरॉकचा नाका ते २३ किलो

गोवा परदेश होता तेव्हा बेळगावच्या माणसाला परदेशी जायला विमान लागत नसे. गाडीत बसायचे, लोंढ्यावरून पश्चिमेला वळायचे, कॅसलरॉकला ट्रंक उघडून दाखवायची आणि दूधसागरचा घाट उतरला की कुळ्याला तीच ट्रंक पुन्हा उघडायची. कॅसलरॉकला इंग्रजांचा नाका, कुळ्याला पोर्तुगिजांचा. मधे फक्त एक घाट. वरच्या नाक्यावर जे चालले ते खालच्या नाक्यावर चालेलच, याची खात्री नाही. लग्नासाठी घेतलेले लुगडे नवे की वापरातले, डब्यातला लाडू घरचा की विक्रीचा, याचा निवाडा दोन वेगळ्या सरकारांची माणसे करणार, आणि उतारूने तो दोनदा मान्य करायचा.

मी बेळगावात विमानाची तिकिटे काढून देण्याचा धंदा करतो. आमच्या काउंटरवर रोज कुणी ना कुणी सामानाच्या नियमांवरून वैतागलेले असते. ‘हे नवीनच काढलंय यांनी’ असे पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. आपल्या सीमाभागात सामान उघडून दाखवण्याची रीत सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिचा जाच नेहमी एकाच जागी झाला आहे: जिथे दोन नियम एकमेकांना भिडतात तिथे. एक नियम कितीही कडक असला तरी माणूस त्याची सवय करून घेतो. दोन नियमांच्या सांध्यात मात्र तो सापडतो.

कॅसलरॉकचीच कथा पाहा. इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत १८७८च्या डिसेंबरात एक करार झाला आणि १८८०पासून तो अमलात आला. गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधली जकातीची भिंत त्याने पाडली. मिठाचा कारभार इंग्रजांनी आपल्याकडे घेतला आणि त्या बदल्यात गोव्याच्या सरकारला वर्षाला ४ लाख रुपये देण्याचे ठरले. मुरगाव बंदरापासून घाट चढून येणारी रेल्वे याच कराराच्या पोटची. ती १८८८मध्ये सरहद्दीपर्यंत पोहोचली. इकडून सदर्न मराठा रेल्वेचा लोंढ्याचा रस्ता तिला येऊन मिळाला. पण करार होता १२ वर्षांचा. मिठागरांवरच्या निर्बंधांमुळे गोव्यात त्याबद्दल मोठी नाराजी होती. १८९२मध्ये मुदत संपली आणि कराराचे नूतनीकरण झाले नाही. म्हणजे रेल्वे येऊन चार वर्षे होतात न होतात तोच जकात परत आली. रूळ जोडलेले आणि कायदे तुटलेले, अशा अवस्थेत हा रस्ता पुढे कित्येक दशके चालला. भारताने १९५५मध्ये गोव्याची नाकेबंदी केली तेव्हा गाडीच थांबली. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला आणि त्या नाक्याला काही काम उरले नाही.

जकात परत आली त्याच १८९२ सालच्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावात होते. रिसालदार गल्लीत भाटे यांच्या घरी ते उतरले, मग वन खात्यातले हरिपद मित्र यांच्याकडे किल्ल्यात राहिले, आणि इथून रेल्वेने गोव्याकडे गेले. संन्याशाचे सामान ते काय असणार! कॅसलरॉकला त्यांना कोणी अडवण्याचे कारण नव्हते. पुढच्या वर्षी ३१ मेला ते मुंबईहून पेनिन्सुलर बोटीने निघाले. जुलैत योकोहामाहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या मद्रासच्या शिष्यांना कळवले आहे, की वस्तू बाळगण्याची आणि त्या सांभाळण्याची सवय नसल्याने आपली बरीचशी शक्ती त्यातच खर्च होते आहे आणि हा मोठाच त्रास आहे. परदेशी जाणाऱ्या माणसाने सामानाविषयी केलेली इतकी मनापासूनची तक्रार मी दुसरीकडे वाचलेली नाही. अंगावरच्या वस्त्रानिशी देश पालथा घातलेल्या माणसाला बोटीवर पाय ठेवताच सामानाने बांधले. ते पत्र मी अनेक गिऱ्हाइकांना सांगितले आहे. त्यांना बरे वाटते.

या भागातून मोठ्या संख्येने परदेशी गेले ते शिपाई. बेळगावात १९२२पासून मराठा रेजिमेंटचे केंद्र आहे. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी एरिट्रियात केरेनला लढल्या, इटलीत लढल्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इटलीतच. शिपायाच्या सामानाचा नियम साधा होता. सरकार देईल ते आणि सांगितले तेवढेच. बाकी सगळे एका लोखंडी ट्रंकेत.

त्या ट्रंका मला जवळून माहीत आहेत, कारण निपाणीत माझ्या वडिलांचे ट्रंकांचे दुकान होते. पत्रा कापून कडा आत दुमडायच्या, म्हणजे हात कापत नाही. कोपऱ्यावर वेगळे तुकडे रिव्हेट मारून बसवायचे, कारण ट्रंक फुटते ती कोपऱ्यात. दोन बाजूंना उचलायच्या कड्या, पुढे कडी-कोयंडा, आतून निळा नाहीतर हिरवा रंग, बाहेरून काळा. सुट्टीवर आलेला शिपाई ट्रंक घ्यायला आला की वडील पांढऱ्या रंगात बारीक ब्रशने त्याचा नंबर, नाव आणि गाव घालून देत. अक्षर वाळेपर्यंत तो बाकावर बसून राही. वडील म्हणत, “पत्रा जाड घालू नको, शिपायाचं ओझं त्यालाच उचलायचं असतं.” सामानाचे वजन म्हणजे आधी रिकाम्या पेटीचे वजन, हे मी तिथे शिकलो. आजही रिकामी बॅग पाच किलोची असेल तर मी गिऱ्हाइकाला ती घरी ठेवायला सांगतो. तेवढ्यात पाच किलो मसाला जातो.

वडिलांच्या ट्रंका कोल्हापूरच्या बाजारातही जात. एसटीच्या टपावर रचून बांधायच्या, कंडक्टरकडून लगेज फाडून घ्यायचे. कर्नाटकात १९७९मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली. कोल्हापुरात ती पुढे बरीच वर्षे चालू होती. मग निपाणीतून मोकळी निघालेली ट्रंक कागल ओलांडून कोल्हापूरच्या नाक्यावर गेली की तिच्यावर पावती फाडावी लागे, आणि तिकडून आलेल्या मालाला इकडे कोणी विचारत नसे. तास-सव्वा तासाचे अंतर. तिथले गिऱ्हाईक म्हणे, तुमची ट्रंक महाग का? वडिलांना प्रत्येकाला समजावून सांगावे लागे. १ नोव्हेंबर १९५६ला दोन राज्यांमध्ये आखलेल्या रेघेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. बाजारात माल नेणाऱ्याला ती रेघ अशी पावत्यांतून भेटत असे.

विमानाकडे येतो. विमानाच्या सामानाचा आंतरराष्ट्रीय कायदा १९२९च्या वॉर्सा करारापासून सुरू होतो. बॅगेची पावती द्यायची आणि बॅग हरवली तर किलोमागे २५० सुवर्ण फ्रँक या मर्यादेत भरपाई द्यायची, असे त्यात ठरले. आत पैठणी आहे की जुनी वर्तमानपत्रे, याच्याशी कराराला देणेघेणे नव्हते. वजन हेच मोल. प्रवाशाने जास्त किमतीची घोषणा आधी करून जादा पैसे भरले तरच गोष्ट वेगळी. बोटीवर माणूस मोठमोठ्या पेट्या नेई. जे प्रवासात लागणार नाही ते तळघरात जाई. विमानात तळघर लहान आणि प्रत्येक किलोला इंधन. म्हणून पहिल्या वर्गाला ३० किलो आणि साध्या वर्गाला २० किलो अशी मर्यादा सगळीकडे रूढ झाली. जादा किलोचा दर होता पहिल्या वर्गाच्या एकेरी भाड्याच्या एक टक्का. म्हणजे पाच किलो जास्त भरले की पहिल्या वर्गाच्या भाड्याचा विसावा हिस्सा गेला. मध्यमवर्गीय घराला हा आकडा ऐकूनच घाम फुटे.

त्यात भर परकीय चलनाची. सत्तरच्या आसपास परदेशी निघालेल्या भारतीयाला खिशात आठ डॉलर मिळत. तिकडच्या विमानतळावर सामान जास्त भरले तर पैसे कुठून देणार? आणि पोहोचल्यावर पहिले काही दिवस खाणार काय? या दोन प्रश्नांतून आपल्याकडची बॅग भरण्याची विद्या तयार झाली. मुलाबरोबर कुकर, चटण्या, भाजणी आणि मसाला दिला जाई तो मायेने, हे खरेच. पण त्यामागे रिझर्व्ह बँकेचा नियमही होता. मुलाच्या हातात डॉलर देता येत नव्हते म्हणून आईने सहा महिन्यांचे जेवण दिले. त्या बॅगांना कोणी हसले की मला राग येतो.

निपाणीत अशी बॅग तंबाखूच्या वखारीतल्या काट्यावर तोलली जाई. माझ्या डोळ्यांसमोर आहे: वखारीत तंबाखूच्या खाटीने डोळ्यांत पाणी येतेय, हमालाने तंबाखूचे बोद बाजूला सारून जागा करून दिलीय, काट्यावर नवी कोरी सूटकेस, आणि भोवती सगळे घर. बावीस किलो. मग तिथेच पोते अंथरून बॅग उघडायची. काय काढायचे यावर एकमत होत नाही. मुलाचे वडील म्हणतात पुस्तके काढा, मुलगा म्हणतो चटणी काढा. आजी काही बोलत नाही, फक्त कांदा-लसूण मसाल्याची पिशवी उचलून स्वेटरच्या घडीत ठेवते. शेवटी बूट निघाले आणि ते पायात घालून जायचे ठरले. वखारीचे मालक शेवटी एकदा वजन करून म्हणाले, “वीसला कमीच हाय, जावा आता बिनघोर.” पोराबरोबर कुणाला मुंबईपर्यंत जाता येणार नव्हते, तो काट्यावरचा आकडा हीच घरच्यांची खात्री होती.

त्र्याहत्तरनंतर तेलाचे भाव चढले आणि आखाताची दारे उघडली. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे गवंडी, फिटर, ड्रायव्हर दुबईला, मस्कतला, कुवेतला गेले. त्यांची परतीची खोकी नायलॉनच्या दोरीने आवळलेली आणि चारही बाजूंना मोठ्या अक्षरांत नाव लिहिलेली असत. तिकडच्या काट्यावर वजनाचा नियम आणि मुंबईच्या कस्टममध्ये किमतीचा नियम. वजनात बसलेला टेपरेकॉर्डर किमतीत बसत नसे. कॅसलरॉक-कुळ्याचा सांधा फक्त मोठा झाला होता.

अमेरिकेच्या मार्गावर सत्तरच्या दशकात हिशेब बदलला. एकूण वजनाऐवजी नग मोजायचे ठरले: दोन बॅगा, प्रत्येकीची लांबी-रुंदी-उंची मिळून १५८ सेंटिमीटर, वजन प्रत्येकी ३२ किलोपर्यंत. चौसष्ट किलो! वीस किलोंत संसार बसवलेल्या आयांना हे दान वाटले. पुढे २००५नंतरच्या काही वर्षांत ते ३२चे २३ झाले आणि आज बहुतेक ठिकाणी तोच आकडा आहे. यातले ३२ किलो हे विमानाचे गणित नाही. एका माणसाने एका वेळी उचलायची ती हद्द आहे. म्हणून जादा पैसे भरायची तयारी असली तरी त्यावरची बॅग घेत नाहीत. ट्रंक बनवणाऱ्याच्या मुलाला हा नियम पटतो. बॅगा चढवणाऱ्या माणसाचीही पाठच असते.

आजचा खरा जाच बेळगावकरांना होतो तो सांबऱ्याला. हा विमानतळ १९४२मध्ये युद्धाच्या गरजेतून झाला, नवी इमारत २०१७च्या सप्टेंबरात आली. इथून परदेशी थेट विमान नाही. येणारी विमाने बहुतेक लहान, एटीआर नाहीतर एम्ब्राएर. देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलो. आणि पुढे बेंगळुरूहून अमेरिकेला जाणाऱ्या तिकिटावर ४६ किलो. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर सहसा परदेशाची मर्यादा इथूनच लागू होते. पण वेगवेगळी तिकिटे स्वस्त पडली म्हणून घेतली, तर सांबऱ्याच्या काट्यावर ३१ किलो जादा. आमच्या एका ओळखीच्या काकू मुलीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. तिकिटे मुलीनेच तिकडून वेगवेगळी काढलेली. डिंक, आळीव, खारीक, बाळाची दुपटी यांची बॅग काउंटरसमोर जमिनीवर उघडावी लागली. काउंटरवरचा मुलगा इंग्रजीत नियम सांगत होता, काकू मराठीत “पण पुढं चालतंय की हे” म्हणत होत्या, आणि दोघेही खरे बोलत होते. त्यांनी जादा पैसे भरले, ते त्यांच्या महिन्याच्या पेन्शनच्या जवळपास गेले. आळीव मात्र काढले नाहीत.

वजनापेक्षा गुंतागुंतीचा झाला आहे तो आतल्या वस्तूंचा नियम. १० ऑगस्ट २००६ला लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीला आला आणि त्यानंतर परदेशी प्रवासात हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरची मर्यादा आली. तूप, काकवी, लोणच्याचे तेल सगळे त्यात आले. पण आपल्या स्वयंपाकघराला खरी अडचण तीन पदार्थांची आहे, आणि ती मी प्रत्येक घराला बसवून सांगतो.

सुके खोबरे विमानात नेऊ नका. धोकादायक मालाच्या जागतिक यादीत ते यूएन १३६३ या क्रमांकाने आहे, कारण तेलकट असल्याने साठ्यात आपोआप तापून पेटू शकते. ओटीत घातलेली वाटी घेऊन निघालेल्या बाईला हे सांगणे जड जाते, पण सांगावे लागते. आखातात जाणाऱ्याच्या कांदा-लसूण मसाल्यात खसखस घालू नका. अमिरातीत आणि सौदीत खसखस हा बंदी असलेला पदार्थ आहे, आणि तिच्यापायी लोकांना अटक झालेली आहे. आपल्याकडे मसाला वर्षाचा एकदम कुटला जातो, संकेश्वरी मिरची, धणे, खोबरे, तीळ, खसखस. तेव्हा दुबईवाल्यांचा वेगळा कुटून घ्या. आणि कुंदा जर्मनीला नेऊ नका. दूध आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून वैयक्तिक सामानातही नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलियातही भारतातून नेलेली दुधाची मिठाई काढून घेतात. जनावरांच्या रोगांची भीती हे त्यामागचे कारण, आणि ते खोटे नाही. बेळगावच्या माणसाने कुंद्याशिवाय पाहुणा म्हणून जायचे, याचे वाईट वाटते. त्याऐवजी शेंगदाण्याची चटणी द्या, तीही तिथल्या फॉर्मवर लिहून.

परतीच्या वाटेवर आपला कस्टमचा नियम. आपल्या २०१६च्या नियमांत तंबाखूची सवलत १२५ ग्रॅम लिहिली गेली. निपाणीच्या माणसाला ती वाचून दाखवली तर तो म्हणेल, एवढी तर झाडताना पडते. त्याच नियमांनी वर्षाहून जास्त तिकडे राहून परतणाऱ्या बाईला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅम दागिने मोकळे ठेवले, पण वर किमतीची हद्दही घातली: एक लाख आणि पन्नास हजार. सोन्याचे भाव चढत गेले तसे ते ग्रॅम कागदावरच राहिले. इथून दागिने घालून जाणाऱ्यांनी निघतानाच कस्टमकडून निर्यातीचा दाखला घ्यावा. परत येताना तेच दागिने आपलेच असल्याचा तो एक भक्कम पुरावा. हे फार थोड्या लोकांना माहीत असते, आणि मंगळसूत्र-पाटल्यांवरून विमानतळावर रडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

नियम असू नयेत असे मी म्हणत नाही. माझे पोट त्यावर चालते आणि बहुतेक नियमांना कारण आहे, हे मी वर सांगितलेच. माझे मागणे एवढेच आहे: सांबऱ्याहून परदेशी जाणाऱ्याला त्याचा सामानाचा नियम तिकीट काढतानाच, मराठीत आणि कानडीत, एका ओळीत लिहून मिळावा. तिकिटे दोन असतील तर दोन्ही नियम शेजारी शेजारी. हे विमान कंपन्यांना अवघड नाही. बेळगाव जिल्ह्यात हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनून जगभर जातात. इथल्या माणसाला समजेल असे दोन आकडे लिहायला कितीसे लागते!

तोवर आपण आपले पाहायचे. जमेल तेव्हा सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. बॅग पट्ट्यावर आली नाही किंवा फुटून आली तर तिथून बाहेर पडण्याआधी तक्रारीचा कागद करून घ्या आणि बॅगेची चिठ्ठी जपून ठेवा. भारत २००९पासून माँट्रियल करारात आहे. त्याप्रमाणे फुटलेल्या सामानाची लेखी तक्रार सात दिवसांत करावी लागते. उशिरा आलेल्या सामानाची तक्रार ते हाती पडल्यापासून एकवीस दिवसांत. त्यानंतर केलेली तक्रार कोणी ऐकून घेत नाही.